मीराबाईचं टोपरं

नायगाव, १४ मार्च

चि. जुई,

तुझं मशीन पोचलं. तुझ्या ऑफिसची दोन माणसं जिने चढून आली आणि धापा टाकत माझ्याकडेच पाणी मागत बसली. एवढ्याशा खोलीत कॉट, कपाट, ओटा, मोरी, देव आणि आम्ही दोन म्हातारी. त्यात आता हे. घरचं झालं थोडं नि व्याह्याने धाडलं घोडं!

आणि फोन करू नकोस म्हणून किती वेळा सांगायचं? गिरणीच्या साचेखात्यात, मागांच्या खडखडाटात कान ठेवून आलो मी, हे तुला नवीन आहे काय गो? तुझी आई गेल्यावर याच खोलीत राहून कॉलेज केलंस, माझ्या कानाशी तोंड आणून चहा मागायचीस. आता मोबाइलवर तोंड हलवतेस आणि मी इकडे 'हो हो' करतो. लिहीत जा. इमेल तूच शिकवलंस, आता भोग आपल्या कर्माची फळं.

तुझ्या मावशीची फुप्फुसं आणखी कडक झालीत असं डॉक्टर म्हणाले. नाकातली नळी आता दिवसरात्र. ऑक्सिजनचं भाड्याचं जुनं मशीन तुझी माणसं खाली घेऊन गेली. त्याचा आवाज म्हणे अख्ख्या मजल्याला ऐकू जायचा. मला आवाज नाही, पण त्याची धडधड कॉटच्या लोखंडातून हाताला कळायची. झोपेतसुद्धा हात लावून बघायचो, चालू आहे ना म्हणून. हे तुझं इतकं गरीब आहे की वर हात ठेवला तरी चालू की बंद, पत्ता लागत नाही. मग मला बहिऱ्याला कळायचं कसं, ते लिही.

मीरा विचारते, जुई कधी येता? परळ ते नायगाव किती लांब, ते तिला मी काय सांगू?

गुणाजी काका

*

परळ, १६ मार्च

ती. काका,

पाया पडते. मावशीच्या गालाला माझा हात लावा.

तुम्हाला कळायचं कसं, त्याची सोय मी आधीच केली आहे. बाकीच्या मशीनमध्ये नुसता भोंगा आहे. तुमच्या मशीनच्या तोंडावर मुद्दाम एक लाल दिवा बसवून घेतलाय. हवा कमी पडली, नळी निघाली, काहीही बिनसलं की तो लागेल. लागला की गॅलरीतला ऑक्सिजनचा सिलिंडर जोडायचा आणि मला कळवायचं. दिवा विझलेला असेल तर सगळं ठीक. खुशाल पेपर वाचत बसा.

मी नक्की काय करते हे तुम्ही नेहमी विचारता, तर ऐका. मशीनच्या आत एक बोर्ड आहे, आमचा नवा. त्यावर जी सिस्टम चालते तिच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. जगभरची माणसं मिळून तो लिहितात, तेही एकमेकांना इमेल पाठवून, आपण दोघं लिहितो तसंच. पण कर्नलला डोळे नाहीत. बोर्डावर काय कुठे आहे, दिवा कुठल्या पिनेवर, झडप कुठे, किती तापलं की स्वतःला बंद करायचं, हे सगळं एका फाइलीत लिहून द्यावं लागतं. लिहिलेलं तो डोळे मिटून खरं मानतो. आमच्या बोर्डाची ती फाइल मी लिहिते. कोऱ्या पानावरून कोणी सुरुवात करत नाही हं. जुन्या बोर्डाची फाइल उचलायची आणि जिथे फरक असेल तिथे बदलायचं. सगळे तसंच करतात.

आणि एक गंमत. बोर्ड खरोखर वापरून ज्याने तपासला त्याचं नाव त्या फाइलीच्या नोंदीत घालायची पद्धत आहे. ते कायमचं राहतं, कोणी पुसू शकत नाही. तुमचं घालू का?

येणार नक्की. फाइल स्वीकारायची मुदत जवळ आलीय, तेवढी पार पडू दे. आपली खोली मला रोज आठवते. चारच्या सुमाराला गॅलरीतून वारा सुटायचा आणि माझी जर्नलची पानं उडायची. मशीनला याहून चांगली जागा मिळायची नाही.

जुई

*

नायगाव, २ एप्रिल

चि. जुई,

नाव घाल. गिरणीत आयुष्य काढलं, कापडाच्या एका ठाणावर कधी नाव आलं नाही. आता जगभर जाऊ दे गुणाजी राऊळ.

मशीन बरं चाललंय. मीरा रात्री झोपते, भांडते, म्हणजे तब्येत सुधारली. पण काल दुपारी आपोआप बंद पडलं. मीरानेच माझा हात हलवून सांगितलं. बटण दाबलं, परत चालू झालं नाही, मग थोड्या वेळाने झालं. तेवढा वेळ सिलिंडर लावला. काय ते बघ.

इकडे धुळीने जीव नकोसा केलाय. शेजारची चाळ पाडायला घेतली. सकाळी आठपासून ते यंत्र भिंती खातं. आमचा नंबर कधी लागतो देव जाणे, टॉवरात जाऊ तेव्हा जाऊ. तोवर खिडकी बंद, दार बंद, फटीला ओली चादर. मीराला धूळ म्हणजे विष.

तिचा हात मात्र स्वस्थ बसत नाही. तुझ्यासाठी एक गंमत चाललीय तिची. सांगू नको म्हणालीय. 'येतला तेव्हा बघतला,' म्हणते. तेव्हा येऊनच बघ.

गुणाजी काका

*

परळ, ४ एप्रिल

ती. काका,

घाबरू नका. शेजारी पाडकामाची यंत्रं लागली की व्होल्टेज खालीवर होतं. प्लग घट्ट बसवा आणि त्या पॉइंटवर मिक्सर लावू नका. आमच्या ऑफिसात असेच बोर्ड महिनाभर अखंड चालू आहेत, एकही बंद पडला नाही.

फाइल पाठवली. कर्नलवाल्यांतले फिनलंडचे एक गृहस्थ ती तपासतात, फार खडूस. एका रिकाम्या ओळीवरून मला दोन पानं ऐकवली. पण माणूस भला आहे.

मावशीची गंमत काय, अंदाज करतेय. स्वेटर असेल तर तिला सांगा, मे महिन्यात मी तो घालणार नाही!

जुई

*

नायगाव, २१ एप्रिल

चि. जुई,

प्लग घट्ट आहे. मिक्सर गेले वर्षभर काढलेलाच नाही, काय वाटायचं आहे आम्हाला? तरी मशीन बंद पडतं. परवा पडलं, आज पडलं. नेहमी जेवणं झाल्यावर, ऊन चढलं की. संध्याकाळी देवमाणसासारखं चालतं. मीरा म्हणते हवा कमी येते आणि छातीवर पाटा ठेवल्यासारखं होतं. पण तुझा लाल दिवा काही लागला नाही. म्हणून मी तिलाच ओरडलो, की उगाच घाबरतेस.

मला यातलं कळत नाही. पण साचा रोज एकाच वेळी धागा तोडायला लागला की आम्ही खात्याच्या मुकादमाला, जॉबरला बोलवायचो. तो येऊन साच्यापाशी उभा राहायचा. कागद बघून साचा दुरुस्त होत नाही गो.

एकदा येऊन बघशील?

गुणाजी काका

*

परळ, २२ एप्रिल

ती. काका,

घाईत लिहितेय. फाइल स्वीकारली! तुमचं नाव गेलं, 'तपासणारा: गुणाजी राऊळ'. आज ऑफिसात पेढे वाटले.

लाल दिवा लागला नाही ना? मग ऑक्सिजन चालूच होता. मशीन फक्त आपला स्क्रीन झोपवतं, वीज वाचवायला. तुम्हाला ते बंद पडल्यासारखं वाटतं. मावशीला सांगा, छाती भरून येते ती उकाड्याने. दिव्यावर विश्वास ठेवा, तो मी स्वतः लिहिलाय.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात येते. अगदी नक्की.

जुई

*

दादर, १९ मे

ती. काका,

ऑफिसातून नाही, घरून लिहितेय. काय लिहू? शिवाजी पार्कच्या स्मशानात तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि मी तोंड हलवत राहिले. तुम्हाला ऐकू येत नाही हे त्या क्षणी मी विसरले होते. नंतर बरं वाटलं की ऐकू आलं नाही. काय बोलत होते ते मलाच आठवत नाही.

तुमच्याबरोबर घरी यायला हवं होतं. जिन्यापाशी आले आणि तिथून परत फिरले. मावशीशिवाय ती खोली मला बघवली नसती.

काका, एक विचारायचं आहे. मशीन ऑफिसात आणलंय. आमचे विक्रांत सर म्हणतात की त्याच्या बाजूच्या जाळीत पांढऱ्या दोऱ्याचे धागे अडकलेत. मशीनवर काही झाकलेलं होतं का?

जुई

*

नायगाव, २१ मे

चि. जुई,

होतं. तीच तुझी गंमत.

धूळ बसते म्हणून मीराने त्याला क्रोशाचं टोपरं केलं होतं. पांढऱ्या दोऱ्याचं, कडेला निळी वेलबुट्टी, दिव्यापुरतं गोल भोक ठेवलेलं. 'जुयेचा मशीन आसा, उघड्या डोक्याचा कसा ठेवू?' म्हणाली. आपल्याकडे टीव्हीला कव्हर असतं, शिलाई मशीनला असतं, मिक्सरला असतं. मला काही वावगं वाटलं नाही.

त्या दिवशीचं लिहितो. एकदाच लिहितो, परत विचारू नको.

पेज जेवली. लोणच्याची फोड चाखली. ऊन फार होतं, खिडकी बंद होती, बाहेर भिंती पडत होत्या, मला जमिनीतून कळत होतं. ती भिंतीकडे तोंड करून झोपली. मी कॉटला टेकून पेपर वाचत बसलो. अधूनमधून मान वर करून टोपऱ्याच्या भोकातून दिवा बघायचो. विझलेला. तू लिहिलं होतंस, दिवा विझलेला तर खुशाल पेपर वाचा. मी वाचला. आतल्या पानावरचं शब्दकोडं पण सोडवलं. मग चहा टाकला आणि तिला उठवायला गेलो. ओठ निळे होते. हात थंड होता, मे महिन्यात.

तिने हात हलवला असेल माझ्यासाठी. दर वेळी हलवायची. पण तोंड भिंतीकडे होतं आणि मी पेपरात होतो.

आता तू सांग. टोपऱ्यामुळे झालं का? तिच्याच हातच्या टोपऱ्याने तिचा श्वास अडवला का? हो की नाही एवढंच लिही. गोड बोलू नको.

गुणाजी

*

नायगाव, ११ जून

जुई,

उत्तर आलं नाही. बाराव्याला आली नाहीस. कामात असशील.

काल तुझे विक्रांत साहेब आले होते. चांगला माणूस, बूट बाहेर काढले, फोटोला हात जोडले. पाटीवर लिहून दाखवत होते मला. झाकण घातल्यामुळे मशीन गुदमरलं, त्यांनी लिहिलं. यात कोणाचा दोष नाही, असं घडतं, असंही लिहिलं. मी मान डोलावली.

म्हणजे तुझं उत्तर मिळालं. तुला लिहायला जड गेलं, मी समजतो. आता लिहू नको.

गुणाजी राऊळ

*

दादर, १४ जून

काका,

लिहिते. वाचा, आणि नंतर हवं तर मला तोडा.

टोपऱ्यामुळे झालं नाही. विक्रांत सरांनी पाटीवर लिहिलं ते खोटं आहे आणि त्यांना ते माहीत आहे.

मी म्हणाले होते ना, कर्नलला किती तापलं की बंद व्हायचं हे लिहून द्यावं लागतं? आमच्या जुन्या बोर्डाची चिप नाजूक होती, तिला सत्तर अंशांचा आकडा होता. नव्या बोर्डाची चिप शंभराच्या वर गेली तरी तिला काही होत नाही. मी जुनी फाइल उचलली. पिना बदलल्या, पत्ते बदलले, तुमचा दिवा घातला. सत्तर तसाच राहिला. आमच्या ऑफिसात एसी असतो. तिथे बोर्ड कधी साठापर्यंतसुद्धा गेला नाही, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. फिनलंडच्या माणसाला तर फक्त रिकामी ओळ दिसली. तुमच्या खोलीत एप्रिल-मेमध्ये, खिडकी बंद असताना, तो रोज दुपारी सत्तर गाठत होता. आणि गाठला की कर्नल सगळं बंद करत होता. धडधाकट बोर्ड, आणि मी लिहिलं म्हणून तो मरत होता.

आणि दिवा. बोर्ड बंद पडला की त्याच्याबरोबर दिवाही बंदच. लागणार कुठून? 'विझलेला म्हणजे ठीक' हे मी तुम्हाला सांगितलं. तुम्ही लिहून कळवलंत की मशीन बंद पडतं आणि दिवा लागत नाही. यात सगळं होतं, काका. सगळं. मला वाचायचं नव्हतं. माझ्या डोक्यात आपली खोली म्हणजे अजून चारचा वारा आणि उडणारी पानं. बंद खिडकी तुम्ही लिहिलीत, ओली चादर लिहिलीत, मी डोळे मिटून जुनंच खरं मानलं.

तुमचं पत्र आल्यावर मी घरी स्वयंपाकघराची खिडकी बंद केली, गॅस पेटता ठेवला आणि तसलंच मशीन उघडं ठेवलं, वर काहीही न झाकता. पडलं बंद. पुन्हा केलं, पुन्हा पडलं. टोपरं असतं नसतं, तेच झालं असतं. हे मला मेच्या शेवटीच कळलं होतं. मग इतके दिवस गप्प का होते? विक्रांत सरांनी सांगितलं की वकिलांचं होईपर्यंत एक अक्षर लिहायचं नाही. मी मानलं. भ्याले. याला दुसरा शब्द नाही.

काल नोकरी सोडली. ऑफिसला फाइलीत फक्त आकडा बदलायचा होता, कारण न लिहिता. पण माझी फाइल आणखी दोन कंपन्यांनी उचलली आहे, आम्ही सगळे तसंच करतो म्हणून. त्यातलं एक मशीन नवजात बाळांसाठी आहे. का बदलायचं हे लिहिलं नाही तर ते बदलणार नाहीत. म्हणून मी माझ्या स्वतःच्या इमेलवरून दुरुस्ती पाठवतेय. तिच्यावर जे इंग्रजीत लिहिलंय त्याचं मराठी असं:

'बंद होण्याचा आकडा जुन्या बोर्डावरून न तपासता उचलला होता. चूक माझी. बंद आणि गरम खोलीत मशीन थांबतं आणि धोक्याचा दिवा लागत नाही. यात एका रुग्णाचा मृत्यू झाला. ज्यांनी ही फाइल उचलली आहे त्यांनी ताबडतोब बदल करावा.'

खाली चूक कळवणाऱ्याचं नाव घालायची पद्धत आहे. तुमचं घालायची परवानगी मागतेय. आधीचं 'तपासणारा' हे मला पुसता येत नाही. पुसता येत असतं तर पुसलं असतं. माझ्या चुकीखाली तुमचं नाव कायमचं राहिलं, काका.

जुई

*

नायगाव, १७ जून

जुई,

तुझं पत्र वाचलं. परत वाचलं. मग देवापाशी ठेवला मोबाइल आणि बाहेर गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

रागावलो आहे. किती, ते लिहायला घेतलं तर हा फोन फुटेल. तू चुकलीस म्हणून नाही. चुकतं माणूस, साच्यावर माझंही बोट गेलं होतं एकदा. परळहून नायगावला यायला तुला मीरा मरावी लागली, आणि तरी जिन्याखालून परत गेलीस, त्याचा राग आहे. तिने दारावर डोळे लावले होते गो. दुपारी टोपरं सारखं करून ठेवायची, न जाणो आज आलीस तर म्हणून.

नावाचं विचारलंस. 'तपासणारा' राहू दे माझं. मी तपासलंच होतं. तुला लिहिलंही होतं. पण 'कळवणारा' म्हणून माझं घालू नको, मीराचं घाल. हात हलवून तिने कळवलं, मी नुसती टपाल्याची कामं केली. पूर्ण नाव लिही, मीराबाई गुणाजी राऊळ. बाळांची मशीनं बंद पडायच्या आत पाठव. माझ्या उत्तरासाठी थांबली असशील तर आधी पाठव आणि मग पुढचं वाच.

पाठवलंस? आता वाच.

विक्रांत साहेब गेल्यावर मी टोपरं हातात घेतलं. यानेच घेतला तिचा जीव, असं वाटलं. जाळवेना, तिच्या हातचं. मग टोक शोधलं आणि ओढलं. क्रोशा एका टोकाला ओढला की सरसर सुटतो, तुला ठाऊक आहे. बघता बघता मांडीवर दोऱ्याचा ढीग झाला. निळी वेल शेवटी सुटली. तुझं पत्र एक आठवडा आधी आलं असतं तर ते राहिलं असतं. तिच्या हातचं शेवटचं तेवढंच होतं या घरात.

दोरा टाकलेला नाही. गुंडा करून तिच्या डब्यात ठेवलाय, सुई पण तिथेच आहे. आयुष्यभर साच्यावर कापड काढलं मी, पण हे सुईचं काम मला येत नाही. तुला तिने शिकवलं होतं कॉलेजच्या सुट्टीत, तेव्हा वैतागायचीस.

तर ये. क्षमा मागायला येऊ नको, मला ऐकू येत नाही. दुपारी ये, जेवणाच्या वेळेला. खिडकी मी बंदच ठेवीन. चहा मिळणार नाही, पंखाही लावणार नाही. ती झोपायची त्या कॉटवर बस, संध्याकाळ होईपर्यंत बस आणि विण.

गुणाजी काका